वाडग्याच्या तळाचा मासा

"पाहुणीचे ओठ असे सुजले, की तिला धड बोलता येईना," गाईड म्हणाली आणि खाली मान घालून बसली. खुर्चीच्या अगदी कडेला. जणू पूर्ण खुर्चीवर टेकायची लायकीच राहिली नाही आपली.

समोर घारी होती. डोळे घारे, म्हणून नाव घारी. या पर्यटकांच्या गावात खाजगी तपास करणारी ती एकटीच. शेजारी पैलवान. त्याला कुस्तीतलं ओ की ठो कळत नाही, पण अंग तसं आहे आणि डोकं सावकाश चालतं. स्कूटर तो चालवतो, बाकी सगळं ती चालवते.

"पहिल्यापासून सांग," घारी म्हणाली.

गाईडचं काम म्हणजे पर्यटकांना नूडल्सच्या गल्लीत फिरवायचं. तीन दुकानं, तिन्हीकडे थोडं थोडं खायचं. आधी लाक्सा, म्हणजे नारळाच्या दुधातल्या तिखट रश्श्यातल्या नूडल्स. मग फो, म्हणजे हाडांच्या नितळ रश्श्यातल्या तांदळाच्या नूडल्स. शेवटी सोबा, म्हणजे कुट्टूच्या, बकव्हीटच्या पिठाच्या थंडगार नूडल्स.

"पाहुणीनं आधीच सांगितलं होतं, मला कुट्टू चालत नाही, जिवावर बेततं. मी म्हटलं, सोबाच्या दुकानात तुम्ही बाहेर बसा. बाकीच्या दोघांना फोन करून विचारलं. दोघंही म्हणाले, आमच्याकडे कुट्टू नाही. पण काल फो खाऊन पायरी उतरताना तिला धाप लागली. सोबापर्यंत पोचलोच नाही आम्ही."

"आता कशी आहे?"

"वाचली. पण काही खात नाहीये. म्हणते, कुट्टू नव्हता तरी असं झालं, म्हणजे आता मला तांदूळसुद्धा चालत नसणार. ताट बघितलं की रडते." गाईडनं मान आणखी खाली घातली. "आणि आज संध्याकाळी कचेरीत माझा परवाना रद्द करणारेत. नीट चौकशी केली नाही म्हणून. गल्लीत लोक माझ्याकडे बघतात ना, तर पाय उचलत नाही."

"खोटं कोण बोललं असेल?" पैलवाननं विचारलं.

"लाक्सावाली. नाहीतर कोण? फोवाला माझा सख्खा मामा आहे."

"मामा लोक खोटं बोलत नाहीत वाटतं?" घारी म्हणाली. "फोटो आहेत का कालचे?"

गाईडनं फोन पुढे केला. लाक्सा केशरी. फो वरून टिपलेला, नूडल्स एका कडेला सारलेल्या, मधे दुधासारखा रस्सा, वर हिरवी पानं.

"तोंडाला पाणी सुटलं राव," पैलवान म्हणाला.

"मामाचा रस्सा आहे तो," एवढ्या दुःखातही गाईडची मान जरा वर झाली. "'रस्सा संपला की दुकान बंद' अशी पाटीच आहे त्याची. पूर्वी दुपारीच बंद व्हायचं. आता गर्दी केवढी वाढली, पातेलं तेच, तरी दिवे लागेपर्यंत पुरतो."

"वा," घारी म्हणाली. फोटो ती बराच वेळ बघत राहिली.

लाक्सावाली दारातच कमरेवर हात ठेवून उभी होती.

"या, या! सगळं गाव येऊन गेलं, तुम्हीच राहिला होता. काय टाकलं मी? विष?"

"मावशी, नुसतं विचारायचंय," घारी म्हणाली.

तेवढ्यात पैलवान आत घुसला आणि एक डबा उचलून बाहेर आला. आत तपकिरी पीठ. "सापडलं!" तो ओरडला. "कुट्टू!"

खाणारी माणसं चमचे धरून तशीच थांबली. एक बाई वाडगा ढकलून उठली.

लाक्सावालीनं डब्यात हात घातला आणि मूठभर पीठ पैलवानच्या तोंडात कोंबलं. "चाव. चाव की. काय लागतं?"

"खो... खोबरं."

"भाजलेलं खोबरं! रश्श्यात लागतं मला. आता मोठ्यानं सांग. मघाशी ओरडलास ना, तेवढ्याच मोठ्यानं."

पैलवाननं सांगितलं. उठलेली बाई तोवर निघून गेली होती. पैलवानचे कान लालेलाल झाले. "चुकलं मावशी," तो म्हणाला. ती त्या बाईचं खरकटं टेबल पुसत राहिली. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं, असं त्याला झालं.

फोच्या दुकानात मामानं स्वतः वाडगे आणून ठेवले. उंच, स्वच्छ माणूस. एप्रनवर एक डाग नाही.

"आधी खा, मग विचारा. माझ्या स्वयंपाकघरात कुट्टूचा कणही नाही. हवं तर डबे उघडा."

घारीनं खरंच सगळे डबे उघडले. खरंच नव्हता.

"अरे, तळाला निळा मासा काढलाय!" पैलवान नूडल्स बाजूला सारून वाडग्यात वाकून म्हणाला.

"सगळ्या वाडग्यांत आहे," मामा म्हणाला. "पहिल्यापासून हेच वाडगे."

"भाचीचा परवाना जातोय," घारी म्हणाली.

"हो ना. वाईट वाटतं." मामा एक धुतलेला पेला पुन्हा पुसायला लागला. "पण पोरगी हुशार आहे. दुसरं काहीतरी करेल."

पैलवान हात धुवायला मोरीवर गेला आणि बोंबलत परत आला. "चटका बसला! नळाला उकळतं पाणी सोडलंय!"

"भांड्यांचा तेलकटपणा जायला नको का?" मामा म्हणाला. "गिझर दिवसभर चालूच असतो."

शेजारीच सोबाचं दुकान. दोन्ही स्वयंपाकघरांना मागून एकच बोळ. सोबावाले आजोबा पीठ मळत होते. त्यांनी सोबा वाढला, आणि खाऊन झाल्यावर छोट्या किटलीतून पांढरट गरम पाणी आणलं.

"हे काय?" पैलवान दचकला.

"सोबा उकडलेलं पाणी. उरलेल्या चटणीत ओतून प्यायचं. खरा स्वाद यातच असतो बाळा. सगळं पीठ उतरतं त्यात." आजोबा हसले. "गर्दीच्या दिवशी पुरतच नाही. गिऱ्हाइकं कुरकुरतात."

"नूडल्स जास्त उकडल्या तर पाणीही जास्त उरेल की. कमी कसं पडतं?" घारीनं विचारलं.

"शेजाऱ्याला लागतं ना. भांडी धुवायला नेतो बादलीभर. शेजारधर्म आहे, नाही कसं म्हणणार?"

घारीनं किटली खाली ठेवली. "आजोबा, हात धुवा आणि चला माझ्याबरोबर. पैलवान, गाईडला बोलव. आणि मावशीला पण. तिचं नाव सगळ्यांसमोर गेलं, तर परतही सगळ्यांसमोरच यायला पाहिजे."

फोच्या दुकानात सगळे उभेच राहिले. घारीनं टेबलावर आजचा वाडगा ठेवला, शेजारी गाईडचा फोन.

"पैलवान, वाडग्यात काय दिसतं?"

"मासा."

"फोटोत? नूडल्स इथेही बाजूलाच आहेत."

पैलवाननं डोळे बारीक केले. "मासा नाहीये. रस्साच गढूळ आहे."

"फो नितळ असतो. कालचा गढूळ होता, आजचा नितळ. म्हणजे काल त्यात काहीतरी होतं, ते आज नाही. काय होतं? गिऱ्हाइकं वाढली, पातेलं तेच, तरी रस्सा पुरतो. म्हणजे वाढवला जातो. साधं पाणी घातलं तर पातळपणा जिभेला कळतो. दाट पाहिजे, गरम पाहिजे, आणि रश्श्याच्या वासात लपेल असं पाहिजे. आजोबांकडून बादलीभर पाणी भांड्यांसाठी येतं. पण मामा, तुमच्या नळाला तर चटका बसेल इतकं गरम पाणी दिवसभर येतं. मग ती बादली कुठे जाते?"

आजोबा मटकन खुर्चीवर बसले. "मी भांड्यांसाठी दिलं रे," ते पुटपुटले.

"डबे उघडा म्हणालात, कारण डब्यात कुट्टू नव्हताच," घारी म्हणाली. "तो पातेल्यात होता."

मामानं एप्रनची गाठ सोडली. पुन्हा बांधली.

"फोनवर विचारलं तेव्हा डोक्यातच आलं नाही," तो म्हणाला. "पाणी म्हणजे पाणी. ती पायरीवर कोसळली, तेव्हा कळलं. तेव्हाच पातेलं ओतून दिलं."

"आणि गप्प बसलास," गाईड म्हणाली.

"लोक डोंगर चढून येतात गं माझ्या रश्श्यासाठी. त्यांना काय सांगू, पाणी घालतो म्हणून? शेजाऱ्याचं उरलेलं पाणी?"

"मी काल सगळ्यांसमोर तुझी शपथ घेतली मामा. म्हटलं, एक वेळ मी चुकेन, मामा चुकणार नाही. आणि या मावशींना नको नको ते बोलले." तिनं लाक्सावालीकडे बघायचा प्रयत्न केला, पण नजर टेबलापर्यंतच पोचली. "तू काउंटरमागे उभा राहून ऐकत होतास."

"तू जाऊन सांग ना त्या पाहुणीला," मामा हळूच म्हणाला. "तुला बोलता येतं नीट."

"नाही. आधी इस्पितळ, मग कचेरी. दोन्हीकडे तूच सांगायचं."

लाक्सावाली एवढंच म्हणाली, "एप्रन काढून जा."

इस्पितळात पाहुणी उशीला टेकून बसली होती. शेजारी मऊ भाताचं ताट, तसंच. मामानं सगळं सांगितलं. पलंगाच्या पायाकडे बघत. बादली, बोळ, पातेलं, काही गाळलं नाही. ती किंचाळेल, पोलीस बोलवा म्हणेल, अशी तयारी करूनच तो आला होता. गाईड, घारी आणि पैलवान दाराशी थांबले होते.

पाहुणीनं विचारलं, "म्हणजे कुट्टूच होता? तांदूळ नव्हे?"

"कुट्टूच."

"मग हा भात मला चालेल?"

मामानं होकारार्थी मान हलवली.

तिनं ताट ओढलं. चमचा उचलला, तोंडाशी नेला, परत ठेवला.

"तुम्ही थांबता का थोडा वेळ?" ती म्हणाली. "एकटीनं खायची भीती वाटते."

पैलवाननं खुर्ची पुढे सरकवली. मामा बसला नाही. उभाच राहिला, हात बांधून, आणि तिनं गिळलेल्या प्रत्येक घासाबरोबर तिच्या ओठांकडे बघत राहिला.