गैरहजेरीचं कारण

जनकाबाईवर कोणी विश्वास ठेवला नाही. सरांनी नाही, शाळा समितीनं नाही, मेलेल्या पोरीच्या मायनंही नाही. त्या मायला उद्या पुन्हा भगवंतरावांच्याच वावरात कामाला जायचं होतं. खिचडी शिजवणारी चौथी शिकलेली बाई, तिला संगणकातलं काय कळतं? पण चौथीएवढं वाचता येत होतंच की.

चिखलीहून जीपनं तासभर आत असलेल्या त्या शाळेत ऑनलाइन वर्ग आला तो अटी घेऊनच. कॅमेरा हवा, माइक हवा, नेटला गती हवी, इन्व्हर्टर हवा. आणि पटावर वीस पोरं हवी, नाहीतर वर्ग बंद, मागोमाग शाळा बंद. पटावर वीस होती. जिवंत एकोणीस. विसावी प्रेरणा पोळ्यानंतर गेली, भगवंतरावांच्या कपाशीत फवारणीला पाणी वाहता वाहता विषबाधा होऊन. नौशाद सरांनी तिचं नाव कमी केलं नाही. संगणक रोज गैरहजेरीचं कारण विचारी. ते भरल्याशिवाय धडा उघडत नसे. सर लिहीत, आजारी.

"सर, तो शब्द दुपारी आपोआप पुसला जाते. म्या डोळ्यानं पाह्यलं."

"नेटचा घोळ असते, मावशी."

"अन् फवाऱ्याचा वास? तोबी नेटमधूनच येऊन राह्यला काय?"

सर थकलेलं हसले. "भगवंतरावचं गोदाम मागंच हाये न."

"मंग त्यायचंच नाव लिहा. आजारी काऊन लिहिता?"

"समितीचे अध्यक्ष हायेत ते. शाळा चालू द्या, मावशी. तुमची चूल बी त्याच्यावरच हाये."

त्या दुपारी पोरं ओट्यावर जेवत होती. जनकाबाई झाडू घेऊन संगणकाच्या खोलीत गेली. खिडक्यांना पुठ्ठे लावलेले, वीज गेलेली, इन्व्हर्टरचं बटण बंद. तरी पडदा उजळलेला होता. घशाला लागणारा औषधाचा वास. पटावरच्या पोरांच्या वीस चौकटी. एकोणीस रिकाम्या, विसावी काळी, तिच्यातला माइक तेवढा हिरवा. आतून बादलीतलं पाणी हिंदकळल्याचा आवाज आला. मग बारीक खोकला.

"प्रेरणा...?"

खोकला थांबला. कारणाच्या रकान्यातलं 'आजारी' मागून एकेक अक्षरानं पुसलं गेलं.

"लिही, माय," जनकाबाई हळूच म्हणाली. "भिऊ नको. नाव लिही त्याचं... मी हावो न."

बोलता बोलता तिला ती दुपार आठवली. ताट हातात धरून पोरगी चुलीपाशी उभी होती. मावशी, वावरातून बलावणं आलं, डोकं दुखून राह्यलं, तुमी नाही म्हना न त्यायले. आणि कढईवरची मान वर न करता जनकाबाई म्हणाली होती, जा वं, मले नको गुतवू. एवढं एक तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं.

पडद्यावर पहिलं अक्षर आलं. ते 'भ' नव्हतं. पाटीवर गिरवावं तसं, सावकाश, नाव पुरं झालं.

जनकाबाई.