पुसली न जाणारी फाईल

हिंगोलीत एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत रीता राठोडचा कॉम्प्युटर क्लास होता. दोन हजार चारचा वैशाख, भर दुपारची वेळ. शिरड शहापूरचे व्यंकटराव सीपीयूचा डबा पोत्यात गुंडाळून आत आले.

"मॅडम, यात एक फाईल हाये. उघडत न्हाई. पुसली की सकाळी परत दिसून राहिली."

"कोणाचा कॉम्प्युटर, काका?"

"सुनेचा. साधनाचा. दिवाळीत पाय घसरून हिरीत पडली. शेतात एकटीच गेल्ती."

वायर जोडता जोडता रीताचा हात थांबला. साधना तिची मैत्रीण. क्लास रीताकडे येण्याआधी दोघी इथंच शिकल्या होत्या. कयाधू नदीच्या डोहात पोहत वाढलेली पोरगी विहिरीत बुडाली, हे रीताला तेव्हाही पटलं नव्हतं. तिनं वायर खोचून डबा सुरू केला.

फाईल कशानं उघडायची हे ज्यावरून कळतं, ते नावापुढचं शेपूटच नव्हतं. रीतानं ती नोटपॅडमध्ये उघडली. सगळा कचरा, सुरुवातीची तीन अक्षरं मात्र स्वच्छ होती: आर, ए, आर.

"गाठोडं हाये, काका. दाबून बांधलेलं."

तिनं नावाला शेपूट जोडलं. आता फाईल पासवर्ड मागू लागली. साधना क्लासात नेहमी आईचं नाव टाकायची. रीतानं 'चांगुणा' टाकलं.

गाठोडं सुटलं. आत एकच आवाजाची फाईल होती.

स्पीकरमधून आधी पाण्याचं डुबुक डुबुक ऐकू आलं. उन्हानं तापलेल्या खोलीत ओल्या दगडांचा, शेवाळाचा वास दाटला. मग दम लागलेली बाई बोलली, "मामंजी... दोर सोडा..."

मग एक धोंडा पाण्यात पडला. मग दुसरा.

"बंद करा," व्यंकटराव पुटपुटले. "ह्ये यात कोणी भरलं? तिथं तर आमी दोघंच होतो..."

"एकटीच गेल्ती म्हणालात ना?"

रीतानं आवाज वाढवला. तिला त्यांची कीव आली नाही, भीतीही वाटली नाही.

धोंडे थांबले. पाणी निवांत झालं. मग पुन्हा कोणीतरी धापा टाकू लागलं. या वेळी पुरुष होता.

"साधना... पोरी, दोर सोड..."

व्यंकटरावांचा चेहरा राखेसारखा झाला. "ह्यो माझा आवाज हाये. पण मी ह्ये कवा बोललो...?"

डबा तिथंच टाकून ते अनवाणी रस्त्यावर पळाले. रीता त्यांच्यामागे गेली नाही.

दुसऱ्या दिवशी शिरडची नीलाबाई बाजाराला आली, तिनं सांगितलं. व्यंकटराव शेतात मेलेले सापडले. डॉक्टर म्हणाले, बुडून गेले.

"हिरीत?" रीतानं विचारलं.

"हीर कुठं हाये आता, बाई? पोरगी गेली अन् त्याच महिन्यात म्हाताऱ्यानं बुजवून टाकली. वर हळद वाळत घालतेत." नीलाबाईनं पदर तोंडाशी नेला. "तिथंच पडला होता, हळदीवर. धोतर निथळून राहिलं होतं... अन् खालची हळद कोरडी ठणठणीत."