गाडीत कोणीतरी बसलेलं हवं

माझं चष्म्याचं दुकान आहे. काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, नाकावर नीट टेकतात का ते बघायचं, एवढं माझं जग. पण घरातलं कुठलंही बिल मोबाइलवरून भरायचं असलं की ते काम माझ्याच गळ्यात पडतं. त्यामुळे त्या शनिवारी सकाळी माझा थोरला भाऊ दुकानात आला आणि त्यानं फोन काउंटरवर ठेवला, तेव्हा मी नेहमीसारखंच विचारलं, "काय भरायचंय, दादा?"

"टोल," तो म्हणाला.

"कुणाच्या गाडीचा?"

त्यानं फोन माझ्याकडे सरकवला. मी मेसेज वाचला. नदीवरच्या पुलाचा टोल होता आणि गाडीचा नंबर वहिनीच्या गाडीचा. वहिनीला जाऊन तेव्हा एक उन्हाळा उलटला होता.

वहिनीबद्दल आधी सांगायला हवं. ती लहान मुलांना पोहायला शिकवायची. तिचे केस, तिचा टॉवेल, तिच्या गाडीच्या सीटा, सगळ्याला तलावाच्या पाण्याचा तो क्लोरीनचा वास असायचा. गाडी झकास चालवायची, पण उभी कुठेही करायची. त्यावर तिनं स्वतःचा एक उपाय शोधला होता. दादाला शेजारच्या सीटवर बसवून ठेवायची, चारही दिवे टिकटिक करत ठेवायची आणि म्हणायची, "तू बसून राहा, मी दोन मिनिटांत आले. गाडीत माणूस दिसला की पावती फाडत नाहीत." तिची दोन मिनिटं म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक होतं. दादाचं लग्न वहिनीशी नाही, तिच्या पुढच्या सीटशी लागलंय, असं मी त्याला चिडवायची. तोही हसायचा आणि निमूट बसायचा.

एक दिवस त्याला कंटाळा आला. आज तू एकटीच जा, म्हणाला. ती गेली. औषधाच्या दुकानासमोर गाडी उभी करून आत शिरली, आणि काचेतून तिला पावतीवाला येताना दिसला. औषधं तशीच टाकून ती धावत रस्त्यावर आली. डावीकडून ट्रक येत होता. गाडीला साधा ओरखडाही गेला नव्हता.

"मी बसलो असतो तर..." दादा दवाखान्यात एवढंच म्हणाला. नंतर त्यानं तो विषय काढला नाही. तो रडला नाही, मीही रडले नाही. दात काढल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं आमचं दोघांचं सगळंच झालं होतं. ती गाडी त्याला डोळ्यांसमोर नको होती, आणि दुसरं कुणी ती चालवताना दिसलं तर तेही सोसवणार नव्हतं. म्हणून आम्ही ती भंगारात दिली. मीच गेले होते. यंत्रानं तिची चादरीसारखी घडी केली, ती मी उभी राहून पाहिली.

"कुणीतरी तोच नंबर स्वतःच्या गाडीला लावून फिरत असणार," मी दादाला म्हणाले. त्यानं मान हलवली. मेसेज दादाला आला होता, पण तक्रार करायची तर साइटवर वहिनीच्या मोबाइल नंबरवर ओटीपी जात होता, आणि तो नंबर आम्ही बंद करून टाकला होता. भरायला मात्र माझं कार्ड पुरेसं होतं. पैसे घ्यायला सगळी दारं उघडी असतात.

"भरून टाक," दादा म्हणाला.

मी भरले. 'धन्यवाद. आपला प्रवास सुखाचा होवो,' असं आलं. दादानं ते वाचलं आणि फोन खिशात ठेवून तो कामावर गेला.

पैसे भरताना मी माझा नंबर दिला होता, म्हणून पुढच्या आठवड्यात पार्किंगचा दंड माझ्याही फोनवर आला, आणि त्याच्यासोबत फोटो. मी तो मोठा करून पाहिला. ती नुसती तशीच गाडी नव्हती, तीच गाडी होती. मागच्या काचेपाशी तिचा पिवळा टॉवेल वाळत घातलेला होता. ड्रायव्हरच्या बाजूची काच अर्धी खाली होती. पुढच्या दोन्ही सीटा रिकाम्या. मागे औषधाचं दुकान दिसत होतं, त्याच्या पाटीला गेल्याच महिन्यात दिलेला निळा रंग होता. फोटोखाली दंडाचं कारण लिहिलं होतं: वाहनात कोणीही आढळले नाही.

मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगते, काहीच वाटलं नाही. मी कार्ड काढलं आणि भरून टाकलं.

मग ते चालूच राहिलं. बेकरीपाशी, शिंप्याच्या दारात, लायब्ररीच्या कोपऱ्यावर. वहिनी जिथे जिथे 'दोन मिनिटं' थांबायची, तिथे तिथे. मी एकदा दुपारी दुकान बंद करून, दंडाचा मेसेज आल्याआल्या बेकरीपाशी धावत गेले. तिथे गाडी नव्हती. रस्त्याच्या कडेला गाडीएवढी रिकामी जागा होती आणि क्लोरीनचा वास येत होता. एक बाई मुलाचा हात धरून येत होती. त्या रिकाम्या जागेपाशी येताच तिनं मुलाला जवळ ओढलं आणि वळसा घालून ती पुढे गेली.

दादा आता मेसेजची वाट बघायला लागला होता. शनिवारी येऊन मला सांगायचा, "आज लायब्ररीत गेली होती." जणू ती संध्याकाळी घरी येऊन पुस्तक वाचणार होती. मी भरत राहायची. माणूस एवढ्यावर जगत असेल तर जगू दे, असं मला वाटायचं.

एका शनिवारी मात्र फोटो बघताना तो हळूच म्हणाला, "दर वेळी पावती फाडतात गं तिची."

"हो ना."

"गाडीत कुणी नसतं म्हणून."

मी काच घासत होते. त्याच्याकडे वर बघायला हवं होतं, ते बघितलं नाही.

त्यानंतर मेसेज यायचे थांबले. टोल नाही, दंड नाही. पहिले काही दिवस मला हायसं वाटलं. संपलं असेल एकदाचं, म्हटलं. मग शनिवार आला आणि दादा आला नाही. फोन उचलेना. दुपारीच दुकानाचं शटर ओढून घेतलं आणि त्याच्या घरी गेले. माझ्याकडे किल्ली होती.

दार उघडल्याबरोबर तो आवाज ऐकू आला. टिक... टिक... टिक... घड्याळाचा नव्हता. गाडीचे चारही दिवे चालू ठेवल्यावर येतो, तो. घरात उन्हाचा कवडसा पडला होता, आणि तरी पायाला फरशी बर्फासारखी लागत होती. क्लोरीनच्या वासानं डोळे चुरचुरले.

बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्या शेजारी शेजारी, भिंतीकडे तोंड करून ठेवल्या होत्या. एकीवर दादा बसला होता. ताठ, हात मांडीवर. दुसरी रिकामी होती. स्वयंपाकघरात ताटातलं अन्न तसंच वाळलेलं होतं. किती दिवसांचं, कोण जाणे.

"दादा..."

"हळू बोल," तो भिंतीवरची नजर न काढता म्हणाला. "आत्ता गेली आहे. येईल."

"तू जेवलास कधी?"

"उठलो तर पावती फाडतील."

मी त्याच्या खांद्याला धरलं. शर्टाखालून थंडी हाताला लागली. त्याच्या छातीवर, खांद्यापासून कमरेपर्यंत, शर्ट तिरका दाबला गेला होता, पट्टा बांधल्यासारखा. मी जोर लावून त्याला ओढलं, तर तो पट्टा ताणला गेला. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण शर्ट ताणलेला दिसत होता. त्याचे ओठ निळे पडले होते आणि श्वास मधूनमधून राहून जात होता. डॉक्टर बोलावून काही होणार नव्हतं. हा असाच बसून राहिला तर जाणार, हे मला कळून चुकलं. आई गेली, वडील गेले, वहिनी गेली. माझं म्हणावं असं हे एकच माणूस उरलं होतं.

आणि मला भीती नाही, राग आला. वहिनीचा आला, त्याचा आला, त्या पावतीवाल्याचा आला. पण वहिनीच्या गाडीत दादा बसलेला असताना त्याला उठवायचं कसं, ते मला माहीत होतं. कितीतरी वेळा मी तसं केलं होतं. रस्त्यानं जाताना तो बसलेला दिसला, कंटाळलेला दिसला, की मी काचेवर टकटक करायची.

मी त्याच्या कानाशी वाकले. "दादा, तू जा. चहा पिऊन ये. मी बसते."

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "बसशील?"

"बसते ना."

"तिला सांग, मी इथेच होतो म्हणून."

"सांगते."

काहीतरी खट्ट करून सुटल्याचा आवाज झाला. दादा उठला, धडपडला, भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेला. मी त्या खुर्चीवर बसले. ती खुर्ची लाकडी होती, पण मला मऊ लागली. छातीवरून वजन आलं आणि जागेवर बसलं. पायाखाली फरशी बारीक थरथरत होती. आत दादानं नळ सोडला, भांडं ठेवलं, गॅस पेटवला. मग बऱ्याच वेळानं तो रडायला लागला. वहिनी गेल्यापासून पहिल्यांदा तो रडत होता, मोठ्यानं, पोटातून. मला ते ऐकून बरं वाटलं. एवढं मला नक्की आठवतं.

संध्याकाळी मी उठले. म्हणजे उठले असं मला वाटतं. घरी आले, दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, काचा घासल्या. दंड येईल म्हणून मी फोनकडे बघत होते, कारण आता तर गाडीत कुणीच नव्हतं. आला नाही. त्या दिवसापासून एकही आलेला नाही.

दादा मात्र माणसांत आला. जेवतो, झोपतो, कामावर जातो. फार सुधारला म्हणतात लोक. मला त्याचं समाधान आहे, निदान असायला हवं. अलीकडे मला चव कळत नाही. गिऱ्हाइकं बोलतात ते काच लावलेल्या खिडकीपलीकडून बोलल्यासारखं येतं. भूकही फारशी लागत नाही. पण काम होतं. हात आपले आपण चालतात.

काल भर दुपारी दादा दुकानात आला. किती छान दिसत होता. दाढी केली होती, नवा शर्ट घातला होता. मी माझ्या खुर्चीवरच होते. "ये दादा," म्हटलं. त्यानं काउंटरकडे पाहिलं, आतल्या खोलीकडे पाहिलं, माझ्या खुर्चीकडे पाहिलं. मग फ्रेम बघत उभ्या असलेल्या एका गिऱ्हाइकाला त्यानं विचारलं, "इथल्या बाई कुठे गेल्या हो?"

"त्या होय," गिऱ्हाईक आरशातून नजर न काढता म्हणालं. "त्या बाहेर गाडीत बसल्यात."

दादा दारापाशी गेला. रस्त्याकडे बघत थोडा वेळ उभा राहिला. मी पुन्हा हाक मारली. मग त्याचा चेहरा ओळखीचं माणूस दिसल्यासारखा उजळला, आणि गाडी निघताना करतात तसा त्यानं बाहेर हात केला.