वरची पट्टी

किन्हीराजाच्या वाचनालयात दिवसाला दीड माणूस येतो. एक शेषराव काका, पेपर वाचायला; आणि अर्धे तेच काका, विसरलेला चष्मा न्यायला. हसू नका, मी इथली ग्रंथपाल आहे.

घर आसेगावला, नोकरी इथे. मैत्रिणी लग्न होऊन पांगल्या. वाढदिवसाला फोन करतात, तोही चुकीच्या तारखेला. संध्याकाळी भाड्याच्या खोलीवर जायचं, एकटीपुरत्या दोन पोळ्या लाटायच्या, आणि दिवसभर कुणी आपल्याला नावाने हाक मारली का ते आठवत बसायचं. बहुतेक दिवशी मारलेली नसायची.

सोयाबीन निघायचे दिवस होते. थ्रेशरचा भुसा उडून रोज कॉम्प्युटरवर बसायचा आणि मी रोज ओल्या फडक्याने तो पुसायचे. कॉम्प्युटर चालू, माऊसही त्याच फडक्यात! त्या दिवशी पुसून वर बघते तर पडद्यावरची पट्टी गायब. फाइल, एडिट, व्ह्यू... काही नाही. पुस्तकांची यादी छापून संध्याकाळच्या आत वाशीमला धाडायची, आणि छापायची वाट मला तेवढी एकच ठाऊक.

"काका, वरची पट्टी गेली हो!"

"चोरी झाली काय?" काकांनी पेपरातून डोकं काढलं.

"गेली नाई मॅडम. लपली."

कपाटाआडून एक उंच मुलगा आला, हातात स्पर्धा परीक्षेचं जाडजूड पुस्तक. तांड्यावरचा राजपाल. आपली बाही माझ्या हाताला लागू नये म्हणून केवढा तरी जपून वाकला आणि एका बोटाने एक बटण दाबलं. पट्टी हजर! यादी छापून झाली, मी पडद्यावर दुसरीकडे कुठेतरी टिचकी मारली, आणि पट्टी पुन्हा गुडूप.

"जवा लागन तवा हे अल्ट दाबा," तो म्हणाला. "नाईच जमलं तर मले आवाज द्या. आता रोज चारले येत जाईन वाचायले."

अल्ट दाबायला काय अक्कल लागते? दुसऱ्याच दिवशी मला जमलं. पण चार वाजले, पायरीवर त्याची चप्पल वाजली, आणि माझ्या तोंडून निघालं, "अहो... नाही जमत."

मग महिनाभर नाही जमलं. तो बटण दाबायचा आणि स्टूल ओढून तिथेच बसायचा. एकदा कागदात गुंडाळून पिकलेलं सीताफळ घेऊन आला. वाचनालयात खायला बंदी आहे, असं मी ठणकावून सांगितलं आणि अर्धं खाल्लं.

"एका बटनाले महिना लागते काय, मॅडम?"

"शिकवणाराच कच्चा असेल."

"मंग बदलून टाका त्याले."

"राहू द्या..." मी बिया कागदात बांधत म्हटलं, "आता सवय झाली."

त्याने मान खाली घातली. कान मात्र लाल झालेले मी पाहिले. रविवारी वाचनालय बंद असे, आणि रविवारचे चार वाजले की मला खोलीत बसवत नसे. आधी मी नुसती एकटी होते. आता मी कुणाची तरी वाट पाहत होते.

दिवाळी झाली. एके दिवशी तो सकाळीच आला.

"मॅडम, उद्या जाऊन राह्यलो. ऊसतोडीले."

"तुम्ही? आणि परीक्षा?"

"बाबाची कंबर गेली. कोयता दोघांचा असते... माय एकटी कशी जाईन?"

ऊसतोडीत जोडीलाच कोयता म्हणतात. बहुधा नवरा-बायकोची जोडी; यंदा राजपालच्या आईच्या, जमनाबाईच्या, जोडीला तिचा मुलगा.

तो स्टुलावर बसला. पडद्याच्या वरच्या कडेला माऊसचं उजवं बटण दाबलं, एक यादी उघडली, तिच्यातल्या एका नावापुढे बरोबरची खूण केली. पट्टी आली. मी इकडे टिचकी मारली, तिकडे मारली. ती जागची हलेना.

"आता कायमची राहीन," तो म्हणाला. "कोणाले आवाज द्यायचं काम नाई."

"हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून येत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगतलं असतं तर..." तो कीबोर्डकडेच बघत राहिला, "तुमी बलावलं असतं काय मले?"

मला हसू आलं आणि डोळेही भरले, दोन्ही एकदमच.

"राजपाल, मला अल्ट दुसऱ्याच दिवशी जमलं होतं."

त्याने वर पाहिलं. शेषराव काकांनी पेपर आणखी उंच धरला.

"सुकेशनी..." तो म्हणाला. पहिल्यांदाच. "होळीले येतो आमी माघारी."

मी माऊस हातात घेतला, ती यादी उघडली आणि खूण काढून टाकली. पट्टी गेली.

"होळीला येऊन करा."

तो गेला. मी खिडकीतून रस्त्याच्या वळणापर्यंत पाहत होते, आणि मग नुसत्या रस्त्याकडे.

आता पौष चालू आहे. चार वाजतात, मी अल्ट दाबते, काम करते, पट्टी निघून जाते. काल काका पेपराची घडी घालत म्हणाले, "पोरी, अजून दुरुस्त नाई झालं काय ते?"

"नाही काका," मी म्हटलं, "दुरुस्त करणारा गावाला गेलाय."