दगडाच्या जागी

पटत नसेल तर सोडून द्या. पण ही गोष्ट खरी आहे, आणि जिच्यावर गुदरली त्या तुळजाबाईच्याच तोंडून ऐकलेली आहे.

साल १९७३. भिवंडीजवळचं शेलार गाव. डिसेंबरातला सगळ्यात लहान दिवस.

गावामागच्या माळावर उभ्या दगडांचं रिंगण होतं. कुणी रोवलं, कधी रोवलं, कुणालाच माहीत नाही. वर्षातल्या त्या एका सकाळी सूर्य दोन उंच दगडांच्या बरोब्बर मधून वर यायचा. रिंगणात बसून तो बघायचा मान तुळजाच्या सासूचा, आनंदीबाईचा. सूर्य दिसला की ती ओरडायची, "वळला!" मग दिवस मोठा व्हायला लागला, असं गाव धरून चालायचं.

त्या वर्षी दोनातला एक दगड जागेवर नव्हता.

तुळजाचा थोरला दीर बाळाराम याने कापड विणायचा नवा लूम घेतला होता. लूम हादरतो म्हणून या गृहस्थाने तो दगड उपटून आणला आणि लूमखाली पायात पुरला. वर तोंड करून म्हणतो, "एका दगडानं दीस उगवायचा ऱ्हातो काय?"

म्हातारी रडकुंडीला आली. एकच दगड उरला, मग मधोमध बघायचं कसं?

तेव्हा तुळजाचा नवरा राघो हसत दगडाच्या रिकाम्या खड्ड्यात उतरला.

"आये, दगडाच्या जागी मी उभा ऱ्हातो. तू दीस बघ."

तुळजालाही हसू आलं. त्या हसण्याची तिला आजही चीड येते.

सूर्य वर आला...

सगळ्यांचे डोळे दिपले. राघोची लांब सावली आईच्या मांडीपर्यंत पोचली.

"वळला!"

माळावरची पाखरं एकाएकी गप्प झाली...

तुळजाने डोळे चोळून पाहिलं. खड्डा रिकामा होता.

सावली मात्र पडलेलीच होती.

ऊन चढलं तशी ती आखडत गेली आणि विरली. सगळा माळ पालथा घातला, पण राघो मिळाला नाही.

"मुंबयला पलाला आसंल," बाळाराम म्हणाला. सख्खा भाऊ बरं का!

तुळजाने त्याचे पाय धरले. "भावजी, दगड परत लावा. माझा मानूस सुटंल."

"आन् लूम बंद ठेवू?"

पुढच्या वर्षीही त्या सकाळी रिकाम्या खड्ड्यातून सावली पडली. त्याच्या पुढच्याही. म्हातारी झुरून गेली. तुळजा दर वर्षी सावलीशेजारी जाऊन बसायची.

चार वर्षांनी लूम मोडीत निघाला. तेव्हा कुठे बाळारामला भाऊ आठवला. त्या वर्षीच्या सगळ्यात लहान दिवशी, सूर्य उगवायच्या आत त्याने दगड बैलगाडीत घालून माळावर आणला.

"घे तुजा दगड."

गड्यांनी दगड खड्ड्याच्या तोंडाशी आणला. सूर्य आला. सावली पडली.

आणि सावलीने हात वर केला...

गडी दगड टाकून पळाले. त्यांच्या पुढे बाळाराम.

तुळजा एकटीच उरली. राघो थांब म्हणत होता, की लवकर कर म्हणत होता? दगड रोवला तर तो सुटेल, की कायमचा गाडला जाईल?

"अवं, नीट सांगा ना," ती म्हणाली.

पाखरं गप्पच होती...

दगड अजून खड्ड्याशेजारी आडवा पडलाय. बाळाराम नातवंडं खेळवून सुखाने मेला. तुळजाचे केस पिकले, पण त्या सकाळी ती माळावर जातेच.

सावलीचा हात अजून वर असतो, म्हणते.

पण दर वर्षी तो थोडा खाली येतोय... दमल्यासारखा.