आकारामच्या घरचा चहा

"सिस्टर, चला लवकर. बायकोनं माझ्या बापाला इख घातलंय."

गुंडूनं दारातूनच सांगितलं. आरोग्य केंद्राच्या मीनाबाईंनी औषधांची पेटी उचलली.

हुपरीतल्या त्या घरातच चांदीच्या पैंजणांचा कारखाना होता. गुंडूचा बाप आकाराम भिंतीला टेकून बसलेला, घामानं निथळत. गल्लीतले सगळे विंचू मंत्रानं उतरवणारा माणूस, पण आज पुढ्यात उलटी पडली होती. उजव्या हातावर टॉवेल होता. सून बाळाबाई कोपऱ्यात उभी, हवालदार जोतीराम तिच्या शेजारी. दारात गल्ली लोटलेली.

"सकाळी ह्या दोघांचं भांडाण झालं, दुपारी हिनं च्यातनं फवारणीचं औषध दिलं," गुंडू म्हणाला. "इखावरचं इंजेक्शन भरा की."

मीनाबाईंनी दार लावून घेतलं. चुकीचं इंजेक्शन गेलं तर म्हातारा जाईल आणि सून कोठडीत. त्यांनी आकारामच्या डोळ्यांत बॅटरी मारली. बाहुल्या मोठ्या होत्या. हातपाय थंडगार.

"बाळाबाई, च्या आणलास तवा तात्या कसं हुतं?"

"उघडंच. घामानं सदरा भिजला म्हणालं."

"त्याआधी?"

"भट्टीसाठी पोत्यातनं कोळसा काढत हुतं."

"तात्या, पाणी घ्या."

आकारामनं डावा हात पुढं केला.

"उजवा का न्हाय?"

"हाय असंच."

मीनाबाईंनी टॉवेल उचलून त्याच्या तर्जनीला नुसतं बोट लावलं. म्हातारा बसल्या जागी वीतभर उडाला.

डॉक्टरांनी विंचवासाठी ठेवलेली गोळी त्यांनी आधी दिली. मग नाडी धरूनच बोलल्या.

"हवालदार, फवारणीचं औषध पोटात गेलं की बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या हुत्यात. ह्यांच्या मोठ्या. आन घाम तर च्याच्या आधीच सुटलेला. कोळशाच्या पोत्यात लाल विंचू हुता. स्वतःचा मंत्र स्वतःवर चालला न्हाय, हे सांगायची लाज वाटली. सुनेवर आळ आला तरी तोंड उघडलं न्हाय. व्हय का न्हाय, तात्या?"

आकारामनं मान खाली घातली.

गुंडू बायकोकडं बघेना.

कोल्हापूरला न्यायला जीप आली. आकाराम पुटपुटला, "भाईर सांगू नगा, सिस्टर. कोण यील मग माझ्याकडं?"

"कुणी येऊच नये," मीनाबाई म्हणाल्या.

बाळाबाईनं पदर खोचला.

"मला इख घालणारी म्हणताना सगळी गल्ली ऐकत हुती, मामंजी. आता हे बी ऐकू दे."

तिनं दाराची दोन्ही कवाडं सताड उघडली.