वाफ्यात पुरलेली वही

विलासने बागेतल्या खताच्या वाफ्यातून वही उपसली आणि नाक दाबलं. आंबलेल्या साली, वळवळणाऱ्या अळ्या आणि मधोमध ऋताची तीन वर्षांची मेहनत.

"शी!" तो म्हणाला.

मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्ली उपनगरात पद्माताईंकडे नागपंचमीचं जेवण होतं. दुपारी त्या ऋताला घेऊन दूध आणायला गेल्या. परत येईपर्यंत ऋताच्या बॅगेतली वही गायब. ऋताने लगेच खाजगी गुप्तहेर मयूराला बोलावलं, आणि तिचा मदतनीस विलास बाग धुंडाळत या वाफ्यापर्यंत पोचला.

"माझ्या प्रबंधातलं प्रकरण माझ्या दोन्ही मार्गदर्शकांनी, अजित सर आणि चित्रलेखाताईंनी, स्वतःच्या शोधनिबंधात छापलं," ऋता म्हणाली. "दोघं एकमेकांवर ढकलतात. या वहीत दोघांचे शेरे आहेत, तारखांसकट. उद्या युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, चौकशी आहे. वही सापडली नसती तर माझी पीएचडी गेली असती."

ऋता बाहेर असताना घरात राहिलेल्या त्या दोघांना मयूराने विचारलं, तेव्हा काय करत होतात?

"मी पाटावर गंधाने नाग काढत होते," चित्रलेखा म्हणाली. पाटावर नाग होता, गंध ओलं होतं.

"आणि सर, आपण?"

"पद्माताईंना मदत म्हणून काकडी चिरत होतो." अजित पुरणाच्या दिंडाचा घास घेत म्हणाले. "आणि त्या वहीत आहे काय, तर नेर्थस! जर्मानिक टोळ्यांची भूमाता. तिची गाडी फिरायला निघाली की सगळं लोखंड कुलपात. त्यावर माझाच अधिकार आहे."

विलासने टोपलीतलं सफरचंद उचललं. "पद्माताई, सुरी?"

"आज तसंच चावून खा रे."

मयूरा एकदम वळली. "सर, काकडी कशाने चिरलीत?"

"सुरीने. ओट्यावरच होती."

"पद्माताई, सुऱ्या ठेवता ते कपाट उघडा."

पद्माताईंनी कमरेची किल्ली काढली. कपाटात सुऱ्या, विळी, तवा, बागेतलं खुरपं, सगळं होतं.

"नागपंचमीला आम्ही चिरत नाही, तवा ठेवत नाही, जमीन खणत नाही," त्या म्हणाल्या. "काल रात्रीच कुलूप लावलं."

"दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांचं लोखंड तुम्हाला पाठ," मयूरा म्हणाली, "पण ज्या घरात जेवलात तिथला नेम ठाऊक नाही. काकडी चिरलीच नाही, तर त्या वेळी तुम्ही होतात कुठे? खुरपं कुलपात, म्हणजे वाफा हातांनीच उकरलात."

"आणि त्याच हातांनी माझी दिंडं खाल्लीत!" पद्माताईंनी ताट ओढून घेतलं.

अजितांचा चेहरा पडला. "ऋता, आपल्या आपल्यात मिटवू या. मी बोलतो ना युनीत."

ऋताने रेकॉर्डिंग सुरू करून फोन त्यांच्यासमोर ठेवला.

"आत्ताच बोला, सर. फक्त या वेळी तुमच्या स्वतःच्या शब्दांत."